गडहिंग्लजच्या होड्या

चन्नबसू अण्णा माझ्या दुकानात आले की आधी उजव्या हाताचं बोट जिभेला लावून वर धरायचे आणि विचारायचे, "वारं कुठनं हाय, अक्का?" राजारामपुरीतल्या तळघरात माझं डिझाइनचं दुकान. खिडकी नाही, दाराला काच, आणि वारा म्हणाल तर डोक्यावरचा कुरकुरणारा पंखा. "वरून आहे, अण्णा," मी म्हणायची. मग ते बोट पँटला पुसून खुर्चीवर बसायचे. नवं गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचं. "आर्टिस्ट आहेत," मी सांगायची. एवढ्यावर कोल्हापुरात माणसाला सगळं माफ असतं.

अण्णा मूळचे गडहिंग्लजचे. घरी कानडी, बाहेर मराठी आणि चिडले की दोन्ही एकदम. पंचवीसेक वर्षं त्यांनी कोल्हापुरात दुकानांच्या पाट्या, ट्रक, निवडणुकीच्या भिंती रंगवल्या. बाकीचे पेंटर ट्रकच्या मागे मोर नाहीतर गुलाब काढायचे. अण्णा शिडाची होडी काढायचे. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. लहानपणी काडेपेटीवर होडीचं चित्र बघितलं आणि ती डोक्यात शिरली ती शिरलीच.

मग दोन हजार साल उलटलं, गावात फ्लेक्स आलं आणि पाट्या रंगवून घेणारे बघता बघता दिसेनासे झाले. त्या फ्लेक्सची डिझाइनं करणारी मी. म्हणजे अण्णांच्या पोटावर पाय देणाऱ्यांत मीही होते. म्हणूनच एका दुपारी ते काखेत कागदांची गुंडाळी घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा मला वाटलं, भांडायलाच आले. त्यांनी गुंडाळी टेबलावर उलगडली. पेन्सिलीनं काढलेल्या होड्याच होड्या.

"तुमच्या मिशनीला हात न्हाय," अण्णा म्हणाले, "माझ्याकडं दोन हाईत. एक देतो की तिला."

मला हसू आलं, पण त्या रेघा बघून मी खुर्ची पुढे केली.

महिन्याभरात मालवणहून एक हॉटेलवाले आले. जेवणाच्या हॉलसाठी भिंतभर चित्र हवं होतं, शिडाच्या होड्यांचं. त्यांचे वडील जन्मभर तांडेल म्हणून शिडाची होडी चालवायचे, त्यांच्यासाठी. मी अण्णांचं नाव सांगितलं. अण्णांनी मला बाजूला घेतलं. "अक्का, हे जमलं तर हातात ब्रश ऱ्हायला. न्हाय तर गावाकडं जातो. भाऊ बोलवायलाय किराणा दुकानात साखरंच्या पुड्या बांधाया."

एवढं सांगूनही मी घाई केली. त्यांची एकच होडी स्कॅन केली, तिच्या सात कॉप्या मारल्या, शोभा यावी म्हणून तीन आरशातल्यासारख्या उलट्या केल्या आणि खाली कंप्युटरचा तयार निळा रंग ओतला. "साती एकाच आईच्या जुळ्या दिसत्यात," अण्णा पुटपुटले. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

हॉटेलवाले नमुना बघायला वडिलांना घेऊन आले. म्हातारबाबांनी काठी टेकून चित्र न्याहाळलं आणि खो खो हसायला लागले. "शीड फुडे फुगलला हा आणि बावटो मागे उडता! आणि ह्यो तीन उलट्या तोंडाच्यो! वारो दोन बाजूंनी येता काय गो?"

मुलगा ओशाळला. "आठ दिवसांनी येतो," तो म्हणाला. "नाहीतर मग फोटोच लावू."

उलट्या होड्यांचं पाप माझं होतं. झेंड्याचं मात्र अण्णांचं. बापलेक गेल्यावर अण्णा खाली मान घालून म्हणाले, "आमच्याकडं जीपला झेंडा लावला की मागंच उडतोय. बैलगाडीचा मागं, ट्रकचा बी मागं. म्हटलं, होडीचा बी तसाच आसंल." मला हसू येत होतं, ते त्यांचा चेहरा बघून ओसरलं. माणूस साखरेच्या पुड्यांच्या अगदी जवळ जाऊन पोचला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला रंकाळ्यावर बोलावलं. थर्माकोलची होडी, जुन्या बनियनचं शीड, वर चिंधीचा झेंडा आणि होडीला बांधलेला लांब दोरा. बोट जिभेला लावून वर धरायचं त्यांनी त्या दिवशी सुरू केलं. फिरायला आलेला एक जण थांबला. "काय पावणं, मासं धरताय व्हय?"

"वारं धरतोय!" अण्णा ओरडले.

तासाभरानं नीट झुळूक आली. शीड फुगलं, होडी पाण्यावरून निघाली आणि चिंधी शिडाच्याच दिशेनं फडफडायला लागली. "अक्का! झेंडा फुडं पळतोय!" पन्नाशीचा माणूस गुडघाभर पाण्यात नाचत होता. जीप वाऱ्याला कापत जाते, होडीला वाराच ढकलतो. एवढी साधी गोष्ट, पण आम्हा घाटावरच्यांना ती दोरा धरून शिकावी लागली.

मग अण्णा कागदाला भिडले. साती होड्या वेगवेगळ्या काढल्या. समुद्रासाठी भिंत रंगवायचा रुंद ब्रश घेऊन पुठ्ठ्यांवर निळ्या डिस्टेंपरचे फराटे ओढले. माझा स्कॅनर टीचभर, म्हणून तो समुद्र मी तुकड्या-तुकड्यांनी आत घेतला आणि स्क्रीनवर सांधला. पेन्सिलीच्या रेघा तशाच ठेवून वरून रंग भरले. अण्णा शेजारी बसून स्क्रीनवर बोट टेकवायचे, "हितं जरा उजेड सोडा." सहाव्या होडीला मी दमले. "अण्णा, सातवी तरी कॉपी करू का?"

"वारं समद्यास्नी एकच, अक्का. पर हरेक शीड वायलं फुगतंय."

मी मुकाट्यानं सातवी स्कॅन केली.

आठव्या दिवशी म्हातारबाबा मुलासोबत पुन्हा आले. या वेळी हसले नाहीत. काठीनं एकेक बावटा दाखवत साती होड्या बघितल्या, मग मागे सरून पुन्हा बघितल्या. अण्णा पंख्याकडे बघत होते.

"काढणारो खंयच्या बंदरावरचो?" म्हातारबाबांनी विचारलं.

"गडहिंग्लजचे," मी म्हटलं.

"थंय बंदर हा?"

"न्हाय," अण्णा म्हणाले. "एस्टी स्टँड हाय."

म्हातारबाबांनी काठी मुलाच्या हातात दिली आणि अण्णांचा उजवा हात दोन्ही हातांत धरला. मी तिथेच रडले, गिऱ्हाइकांदेखत. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या कुठल्याच कामानं दिला नव्हता.

भावाच्या दुकानात अण्णा गेले नाहीत. पुढची कितीतरी वर्षं ते काढत राहिले आणि मी रंगवत राहिले. दवाखाने, शाळा, लग्नाचे हॉल, कुठे कुठे आमच्या होड्या लागल्या. आता अण्णा नाहीत. डोळे मिटले की मला ते दिसतात मालवणच्या किनाऱ्यावर, चित्र टांगायला गेलो होतो त्या दिवशीचे.

काम झाल्यावर म्हातारबाबाच त्यांना समुद्रावर घेऊन गेले. मी मुद्दाम अण्णांच्या तोंडाकडे बघत होते. आयुष्यभर ज्याची चित्रं काढली, ते पहिल्यांदा समोर आल्यावर माणूस काय करतो ते मला बघायचं होतं. अण्णांनी बोट जिभेला लावलं, वर धरलं. लांबवर एक शिडाची होडी चालली होती. त्यांनी बोटाकडे बघितलं, शिडाकडे बघितलं, मग डोळे बारीक करून तिच्या बावट्याकडे बघितलं. आणि समाधानानं मान हलवून मला म्हणाले,

"हे काढणाऱ्याला बी वाऱ्याचं कळतंय की, अक्का!"