बोरीला ऊन दाखवलं

आमच्या घरात बुरशी म्हणजे दुश्मन. आई मालवणची. लोणच्यावर पांढरं दिसलं, गादीला कुबट वास आला, की ऊन दाखवायचं, विषय संपला. मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर तिनं तांदळापासून चपलांपर्यंत सगळ्यांना ऊन दाखवलंय.

आणि हिच्याच पोटी माझी धाकटी बहीण! पवईला प्रयोगशाळेत मातीतल्या बुरशीवर काम करायची. आई लोकांना सांगायची, ती झाडांचं शिकते. एकदा माळरानावरून बोरीचं रोप घेऊन आली, तिथल्याच मातीसकट, आणि खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवलं. म्हणाली, याला आठवड्याला पेलाभर पाणी पुरे. मूळ पोचत नाही तिथवर बुरशीचे धागे जातात, ओल शोधून झाडाला आणून देतात. मग मला म्हणाली, "ताई, आईला तूच नीट सांग हं. बुरशी म्हटलं की ती माझं ऐकतच नाही."

सांगते गं बाई, म्हटलं. राहिलंच.

गेल्या पावसाळ्यात डेंग्यूनं गेली ती. पाच दिवसांत. मग ऑफिसातून आले की चपला न काढता मी आधी बोरीची पानं बघायचे. नवं पान फुटलं की वेड्यासारखी रडायचे.

मे महिन्यात एकदा मरोळच्या ऑफिसातून घरी आले तर ग्रिल रिकामं. गच्चीवर धावले. जुन्या साडीवर माती पसरलेली, कडकडीत वाळलेली. बाजूला बोर, तिची मुळं नळाखाली स्वच्छ धुतलेली. आई राखणीला बसलेली. मातीत पांढरे धागे दिसले म्हणे. लेकीच्या झाडाला बुरशी लागली म्हणून तिचा जीव वरखाली झाला होता.

माझं डोकंच फिरलं. "ते धागेच झाडाला पाणी द्यायचे! दुसऱ्यांदा मारलंस तिला," मी म्हणाले. वाळवणं काढायला आलेल्या बायका बघत राहिल्या.

आई उठली. माती कुंडीत भरली, रोप पुन्हा लावलं. आठवड्याभरात त्याची काडी झाली. त्या काडीला ती अजून पाणी घालते.

परवा पाणी घालता घालता, माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "तिना माका कसा सांगूक नाय गो?"

"विसरली असेल," मी म्हणाले.