हवालदारांचा सुभेदार

आमच्या शेजारचे हवालदारकाका रोज सकाळी एका माशाला सॅल्यूट ठोकायचे. हे मी कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडेच नीट निरखून बघायचा. पण साताऱ्यात आम्ही घर घेतलं, तिथली माझी पहिली सकाळ अशीच उजाडली. मी मागच्या दारी कपडे वाळत घालत होते. कुंपणापलीकडे पांढऱ्या भरघोस मिशांचा एक उंचापुरा म्हातारा सिमेंटच्या हौदापुढे टाचा जुळवून उभा राहिला, खाडकन सॅल्यूट केला आणि पाण्याकडे बघत म्हणाला, "जयहिंद साब! झोप झाली न्हवं?" पाण्यावर एक बुडबुडा आला. म्हातारा समाधानाने आत गेला. मी तोंडात चिमटा धरून तशीच उभी.

संध्याकाळी ते आपणहून ओळख करून घ्यायला आले तेव्हा उलगडा झाला. हौदात एक मागूर होता. मी वाईची. आमच्या घरात मासा आला तो फक्त दशावतारांच्या चित्रातून, आणि त्यालाही हार घातलेला. त्यामुळे मागूर म्हणजे काय ते काकांनी मला हौदापाशी नेऊन दाखवलं. अंगावर खवला नाही, काळपट गुळगुळीत पाठ, चपटं रुंद डोकं आणि तोंडाभोवती लांब मिशा. "मी रिटायर झालो हवालदार म्हनून," काका म्हणाले. "ह्येच्या मिशा बगा. माज्यापरीस लांब. मंग ह्यो सुभेदारच की! शिनियरला सलाम न्हाई केला तर चालंल व्हय, ताई?"

माणूस चेष्टा करतोय की खरंच बोलतोय हे काकांच्या तोंडावरून कधी कळायचं नाही. फौजेने त्यांना दोन गोष्टी दिल्या होत्या, पेन्शन आणि सरळ चेहरा. घंटागाडीवाल्याने एक दिवस दांडी मारली की दुसऱ्या दिवशी काका त्याला थांबवून विचारायचे, "काल कुटं हुता? जबाबदारी घ्येतली की तिला रजा नसती गड्या." हे वाक्य त्यांनी गल्लीत सगळ्यांना ऐकवलेलं होतं. आमच्या ह्यांनी कुंपणाला जाई लावली आणि पाणी घालायचं विसरले, तेव्हा त्यांनाही ऐकवलं. जाईला मग काकाच पाणी घालू लागले.

काकू मात्र त्या माशाला सुभेदार म्हणायच्या नाहीत. त्या म्हणायच्या, पाहुणा. हौसाकाकूंचं माहेर सांगलीचं, कृष्णेच्या अगदी काठावरचं. वडील मासेमारी करायचे, आता धाकटा भाऊ शंकर करतो. महापुरात ते घर छपरापर्यंत पाण्यात गेलं. ती हकीकत काकूंनी मला शेंगा सोलता सोलता सांगितली. "पानी उतारल्यावर शंकर घर बगाया ग्येला. भित पडल्याली. भांडी न्हाईत, देव न्हाईत, आईचा फोटूबी न्हाई. आन सैपाकघरात रांजनाच्या बुडाला ह्यो बसल्याला! बोटाएवढा हुता तवा. जसं काय घर राखत हुता."

शंकरमामा तो मासा डब्यात घालून साताऱ्याला घेऊन आला आणि उंबऱ्यातच म्हणाला, "आक्का, घरातनं येवडंच निगालं." काका सांगायचे, त्या वाक्यावर आधी मामा रडला, मग काकू रडल्या आणि मग दोघंही हसायला लागले. काका त्याला सरळ म्हणाले होते की बोटाएवढा जीव, कुणाच्या दाढेला पुरायचा नाही, सोडून दे विहिरीत. काकू उसळल्याच. माहेरचा पाहुणा असा कुठल्याही विहिरीत ढकलून देतात होय? त्याला घरात ठेवायचं, खाऊपिऊ घालायचं आणि नीट घरी पोचवायचं.

पण पाहुण्याचा मुक्काम लांबत गेला. आधी शंकरमामाचं घर उभं राहायचं होतं. मग काकूंचे गुडघे दुखायला लागले. तोवर पाहुणा हातभर झाला. भाकरीचा चुरा, खाटकाकडची आतडी, उरलेला भात, काहीही टाका, तो वर येऊन गिळायचा. काकांना वाटलं, साहेब एकटे पडलेत. म्हणून तळ्यावरच्या एका माणसाकडून त्यांनी मूठभर बारके चिलापी मासे आणून हौदात सोडले. दुसऱ्या दिवशी हौदात पुन्हा एकटा सुभेदार. काका कुंपणाशी येऊन गंभीरपणे म्हणाले, "ताई, साहेबांनी पलटन खाल्ली."

आणि एकदा तर स्वारी माझ्याकडे आली. रात्रभर पाऊस लागलेला. सकाळी मी तुळशीला पाणी घालायला म्हणून बाहेर पडले, तर वृंदावनाच्या पायरीशी काहीतरी काळं, लांब, कोपरांवर रांगत चाललेलं. मी जी किंचाळले ती समोरच्या गल्लीत ऐकू गेली. काका बनियनवर धावत आले. "घाबरू नगा! साहेब राउंडला निगाल्यात." मागूर हवेत श्वास घेऊ शकतो, ओल्या जमिनीवरून पंखांच्या काट्यांवर रेटत बराच लांब जातो, हे मला त्या दिवशी कळलं. काकांनी ओल्या पोत्यात गुंडाळून त्याला उचलला. तेवढ्यात काकू कुंपणापाशी येऊन डोळ्याला पदर लावत म्हणाल्या, "घरी जायची घाई झालीया वो त्याला. आपुनच मेलं चालढकल करतोय."

त्यानंतर काकू फार दिवस राहिल्या नाहीत. दुखणं गुडघ्यांचं वाटत होतं, ते आत कुठेतरी निघालं. शेवटी शेवटी त्यांचा पलंग काकांनी मागच्या खिडकीशी लावला, तिथून हौद दिसायचा. मी पेज घेऊन गेले होते तेव्हाची गोष्ट. काकू काकांचा हात धरून म्हणाल्या, "आवं, माज्यानं काय आता सांगलीला जानं हुत न्हाई. पाहुन्याला तुमी पोचवा."

"व्हय, पोचवतो."

"माजी आन?"

"तुजी आन, हौसा."

इतकं बोलणं. मला तिथे थांबवेना म्हणून मी पेजेचं भांडं ठेवून निघाले.

वर्षश्राद्ध झाल्यावर काकांनी शंकरमामाला बोलावून घेतलं. सगळं ठरलं होतं. मासा कृष्णेत सोडायचा, घर आवरायचं आणि काकांनी पुण्याला लेकीकडे राहायला जायचं. सुनीताने त्यांच्यासाठी खोलीसुद्धा रंगवून ठेवली होती. मामा मोठा डबा घेऊन आला, हौदावर वाकला आणि तसाच वाकलेला राहिला. मीही तिथेच होते. मग तो म्हणाला, "दाजी, ह्यो आपला न्हाई."

"आपला न्हाई म्हंजी?"

"आपला मागूर येवडा हुतच न्हाई. ह्यो परदेशी हाय. कुनीतरी तळ्यात पाळल्याला, पुरात निसटला आसंल. ल्हान हुता तवा मला कळलं न्हाई. आता जाळ्यात ह्येच येत्यात नव्हं का, म्हनून वळखू आला. ह्यो समदं खातो दाजी. अंडी खातो, पिल्लं खातो. शिंगाळा मासा दिसंना झालाय आमाला, मरळ दिसंना. ह्येला पाळायलाबी बंदी हाय. मारून पुरायचा हुकूम हाय."

काका हौदाच्या कडेवर बसले आणि मिशीवरून हात फिरवत राहिले. मामाने तिथल्या तिथे मारायची तयारी दाखवली, तेव्हा मात्र त्यांनी नुसता हात वर केला. मामा रिकामा डबा घेऊन सांगलीला परत गेला.

मला राग आला. माशाचा नाही, काकांचा. म्हातारपणी सुखाने लेकीकडे जायचं सोडून हे काय धरून बसलेत? मी तोंडाची फटकळ, बोलून मोकळी झाले, "काका, एका माशाने काय नदी संपत नाही. शब्द दिलाय ना काकूंना? द्या सोडून आणि व्हा मोकळे."

"ताई," ते शांतपणे म्हणाले, "दोन हुकूम आल्यात. सरकार म्हनतं मार. हौसा म्हनती पोचव. मारला तर तिची आन मोडती. आन सोडला तर?" त्यांनी हौदाकडे बोट केलं. "तिच्याच माहेरावर दुश्मन सोडू व्हय, तिच्याच नावानं?"

मग त्यांनी दोन्ही हुकूम बाजूला ठेवले आणि पहारा सुरू केला. हौदावर लोखंडी जाळी बसवली, मोरीचं तोंड सिमेंटने बंद केलं, पावसाळ्यात जाळीवर दगड ठेवले. पुण्याचं जाणं रद्द. सुनीता येऊन भांडून गेली, रडून गेली. "पप्पा, एका माशासाठी तुम्ही इथे एकटे राहणार?" काका तिला एवढंच म्हणाले की जबाबदारीला रजा नसते. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "तुम्ही तरी समजवा हो." मी समजावलं नाही. तोवर मला थोडं थोडं कळायला लागलं होतं.

सॅल्यूट चालूच होता. मी एकदा डिवचलं, "दुश्मनाला कसला सलाम काका?" तर म्हणाले, "कैदी हाय ताई. कैद्याचाबी मान ठिवायचा आसतो." संध्याकाळी ते हौदाशी खुर्ची टाकून बसायचे आणि दिवसभराचं सगळं सांगायचे. मला कुंपणाअलीकडे ऐकू यायचं. आज पिठलं करपलं. आज पेन्शनला लय रांग हुती. सुनीताच्या पोरीचा दात पडला. हे सगळं माशाला सांगत नव्हते, हे माझ्यासारख्या मठ्ठ बाईलाही समजत होतं. घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं, आणि त्या पाण्यात काकूंनी जीव लावलेलं काहीतरी हलत होतं. मी भाजी निवडायला म्हणून आमच्या पायरीवर बसून राही, म्हणजे त्यांना वाटेल की कुणीतरी आहे.

अशी वर्षं गेली. यंदाच्या उन्हाळ्यात एका सकाळी मागच्या दारी कडी वाजली. काका उभे होते, दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. "ताई, सुभेदार ग्येले," ते म्हणाले. मी काहीतरी सांत्वनाचं बोलायला गेले, तर त्यांनी मला थांबवलं. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतंच, पण त्याच्या जोडीला घाईही होती. "आता पोचवता यील. गाडी काडता का?"

आमच्या ह्यांनी गाडी काढली. काकांनी बर्फाच्या खोक्यात सुभेदाराला ठेवला, वरून काकूंचं एक जुनं खणाचं पोलकं घातलं. मागच्या सीटवर खोकं मावेना म्हणून एक बाजू माझ्या मांडीवर आली. वाईच्या घरातली मी, कराड मागे पडेपर्यंत पदर नाकाला लावून बसले होते. नंतर विसरले.

सांगलीला घाटावर शंकरमामा नाव घेऊन थांबला होता. खोक्यात बघून तो हळूच म्हणाला, "दाजी, मेल्याला सोडून काय उपेग? आक्काला जित्ता सोडायचा हुता."

काका म्हणाले, "जित्ता पोचवा म्हनली न्हवती ती. पोचवा म्हनली हुती."

आपल्याकडे पाहुण्यालाही पोचवतात आणि मेल्या माणसालाही पोचवतात, शब्द एकच, हे त्या क्षणी आम्हा सगळ्यांच्याच लक्षात आलं असणार. नाव मामाच्या घरासमोरच्या पाण्यात नेली. काकांनी सुभेदाराला दोन्ही हातांवर घेतलं, पोलकं बाजूला काढून खिशात ठेवलं आणि हात पाण्यात खोल नेऊन सोडले. ऊन स्वच्छ होतं, पाणी उथळ होतं. थोड्याच वेळात खाली बोटाबोटाएवढी मासळी जमली. आधी लांबून, मग धीर करून ती त्याला टोचायला लागली. मामाने ती हाकलायला वल्हं उचललं.

"ऱ्हाऊ दे रं," काका म्हणाले. "खाऊ देत. ती घरचीच हायती."

आणि मग ते रडले. काकू गेल्या तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मिशा भिजेपर्यंत, लहान मुलासारखे हमसून रडले. मामाने वल्हं खाली ठेवलं आणि नाव वाहायची तशी वाहू दिली.

काठाला लागल्यावर त्यांनी तोंड धुतलं, खिशातून फोन काढला आणि सुनीताला सांगितलं की खोली झाडून ठेव, मी येतोय. मग माझ्याकडे वळून, एखादं मोठं काम निस्तरल्यावर माणूस बोलतो तसं, म्हणाले, "चला ताई. हौसा पोचली बगा माहेरी."

आपण कुणाचं नाव घेतलं ते त्यांच्या लक्षात आलं की नाही, मला माहीत नाही. मी म्हटलं, "हो काका. पोचल्या."