न मिटलेली टीप

लातुरात रेल्वेनं पाणी यायचं त्या उन्हाळ्यात महानंदा आप्पासाहेबांच्या टँकरच्या ऑफिसात कामाला होती. आपलं उदगीर जिल्हा झालं की गावातच नोकरी लागेल, असं तिचे वडील दरवर्षी म्हणायचे. जिल्हा काही होत नव्हता. कुठला टँकर कुठल्या गल्लीत जाणार, हे सांगणारा सी भाषेतला प्रोग्राम तिनंच लिहिलेला.

एका दुपारी तेलघाणा गल्लीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन ऑफिसवर चालून आल्या. आप्पासाहेबांनी घाईनं शटर ओढलं. आत नुसती भट्टी.

"आमच्याच गल्लीत कामून पाणी न्हाई?" बाहेरून त्यांच्यातली म्हातारी सिद्धम्मा शटरवर घागर आपटत होती.

"टँकर पंक्चर हाय म्हणून सांग," आप्पासाहेब कुजबुजले.

"यादीत गल्लीचं नावच निघंना, साहेब," महानंदा पडद्यावर बघत म्हणाली.

प्रोग्राममध्ये तर गल्लीची ओळ डोळ्यांसमोर होती. प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरनं चूकही दाखवली नव्हती. कंपायलर माणसांसाठी लिहिलेल्या टिपा वाचत नाही. प्रत्येक टिपेच्या जागी एक मोकळी जागा धरून पुढं जातो. टिपा गाळून त्याच्या हाती काय उरतं, ते तिनं पडद्यावर काढलं. तेलघाणा गल्ली त्यात नव्हतीच.

गेल्या आठवड्यात त्या ओळीच्या वर महानंदानं टीप घातली होती: गल्ली अरुंद, टँकर तोंडाशीच थांबवावा. टीप मिटवायच्या, म्हणजे संपवायच्या, */ या खुणेत, चांदणी आणि तिरप्या रेघेच्या मधे, चुकून स्पेस पडली होती. टीप मिटलीच नाही. पुढच्या टिपेच्या शेवटापर्यंतचं सगळं कंपायलरनं टीप समजून गाळलं, गल्लीसकट. उरलेलं नियमात बसत होतं, म्हणून तो गप्प राहिला.

तिनं स्पेस काढली, ड्रायव्हरला फोन लावला आणि आप्पासाहेब नको नको म्हणत असताना शटर वर केलं.

"आज्जी, चूक माझी हाय. टँकर निघालाय."

सिद्धम्मानं तिचं मनगट धरलं. "मग चल. टँकर येईस्तोवर आमच्यात बस."

टँकर आला, घागरी भरल्या. तरी सिद्धम्मा म्हणाली, "उद्या बी यायचं. रोज यायचं."

हे कळताच आप्पासाहेबांनी लगेच होकार दिला. ऑफिसवर मोर्चा येण्यापेक्षा ते बरं होतं. पाऊस लागेपर्यंत महानंदा रोज दुपारी त्या गल्लीच्या तोंडाशी ओट्यावर बसायची. घसा कोरडा पडायचा, पण तिथं कुणाकडं पेलाभर पाणी मागायची तिची हिंमत झाली नाही.