तांब्याला टेकवलेला फोन
देवळातला पितळी तांब्या हातात आला की शिमग्याआधीची ती रटाळ बैठक आठवते. मुंबईचे एक काका तांब्याला टेकवलेल्या फोनवर होते. पालखी घरोघर नाचवून खांदे भरून येतात, म्हणून त्या वर्षी बंद घरं वगळायची असं आम्ही ठरवून टाकलं; काकांना कुणी विचारलंच नाही. गुरवाने देवाला गाऱ्हाणं घातलं, आम्ही "व्हय महाराजा" म्हणून कंटाळून उठलो. तेवढ्यात फोनमधून उशिरा, एकट्याचं आलं, "व्हय महाराजा." सगळे परत बसले. "काका, तुमचं काय म्हणणं?" मानकऱ्यांनी विचारलं. "घर बंदच हाय रे. पण दारात रांगोळी घालायला माणूस सांगून ठेवलाय." पालखी त्या दारात गेली. तेव्हापासून गाऱ्हाणं झालं की आम्ही फोनकडे बघत थांबायचो. यंदा काका नाहीत, फोन लावायचा कुणाला? तरी गाऱ्हाण्यानंतर कुणीच उठेना.