व्याह्यांसमोरची वाटी

चक्क्याचा आंबूस वास आला की मला आमच्या पडवीतली ती सकाळ आठवते. मला तेव्हा भिंत धरल्याशिवाय उठता येत नव्हते. गोठ्यातले दूध रोज डेअरीला जायचे आणि डॉक्टर म्हणाले, आजीबाईंच्या अंगात प्रोटीन कमी आहे. मग सुनेने मोबाईलवर बघून गॅस न पेटवताच एक गोड केले. घरी राखलेल्या दुधाच्या चक्क्यात शेंगदाण्याचा कूट, खजूर आणि वेलदोडा कालवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवले आणि सकाळी वाटी माझ्या हातात दिली. "आत्याबाई, सगळं संपवायचं. कुनाला द्यायचं न्हाई." आमच्यात बाई पुरुषांच्या आधी खात नाही, पाहुण्याच्या आधी तर नाहीच. मी दुसरा घास तोंडात घातला आणि दारात सुनेचे वडील उभे. व्याह्यांना अजून पाणीही दिले नव्हते. मी घाईने वाटी पदराखाली घातली, तर थंडगार चक्का लुगड्यावर सांडला. सून आतून ओरडली, "आबा, आत्याबाई खात्यात. च्या मागनं देते." माझे कान तापले. व्याही हसून म्हणाले, "खा की विहीणबाई, मी बघत न्हाई," आणि पडवीतली खुर्ची अंगणाकडे फिरवून ते बसले. त्यांच्या पाठीकडे बघत मी खात राहिले. चमचा वाटीला खरखर वाजत होता आणि त्यांना तो ऐकू जात होता. त्या गोडाने पुढे मला ताकद आली, हे खरे. पण पाहुणा कोरड्या घशाने बसलेला असताना मी वाटी निपटून खाल्ली आणि मला ती गोड लागली, याची लाज अजून जात नाही.