कमलचा भाऊ

हे माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही. एकोणीस वर्षांचा संसार आहे आमचा, तरी नाही. झोप का लागत नाही असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा त्यांनाही मी उन्हाळ्याचं कारण दिलं. तुम्हाला सांगतेय, कारण गेला महिनाभर लोक माझं कौतुक करून राहिलेत आणि ते आता मला ऐकवत नाही.

मी नांदेडला मुलींच्या वसतिगृहात रेक्टर आहे. डॉक्टर व्हायला आलेल्या मुली — हिमायतनगरच्या, देगलूरच्या, पार निलंग्याकडच्याही. दर रविवारी परीक्षा, सोमवारी यादी, यादीप्रमाणे वर्गात बाकं बदलतात. घरी फोन आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं. क्लासच्या सरांनी ती यादी मेसमध्येही लावायला सुरुवात केली, म्हणजे पोरींनी घास तोंडात घालतानाही आपला नंबर बघायचा! मी ती रोज जेवणाच्या वेळी काढून ठेवते. सरांनी विचारलं तर सांगते, भिंतीला ओल आली आहे. मार्च महिन्यातसुद्धा माझ्या भिंतीला ओल असते. प्रवेशाच्या फॉर्मवर एक रकाना आहे, ‘घरची परिस्थिती’. त्यात सरांना तपशील हवा असतो — बाप पितो का, आई मजुरीला जाते का. मी सगळ्यांच्या फॉर्मवर ‘ठीक’ लिहिते. बोलावून झापलं मला दोनदा. झापू द्या.

याची मला लाज वाटत नाही. अशा जागी राहायचं तर माणसानं स्वतःचं थोडं काही मुठीत धरून ठेवावं, सगळं त्यांच्या हाती देऊ नये — हे मी मुलींना पहिल्याच दिवशी सांगते. मॅडम, तुम्ही हे कुठं शिकलात, असं विचारतात त्या. कुठं शिकले?

लातूरला. भूकंपानंतर.

मी तेरा वर्षांची होते. वडील शिक्षक, ते आधीच वारलेले. भूकंपात आई गेली. कशी गेली, तिच्या शेजारी मी होते की नव्हते, शेवटी काय बोलली — ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. वाईट वाटून घेऊ नका. पण ते माझं आहे.

तर, मामांनी मला लातूरच्या एका वसतिगृहात घातलं. भूकंपातल्या मुलींसाठी नवीन उघडलेलं, पत्र्याच्या शेडचं. खायला-प्यायला होतं, वह्या होत्या. फक्त एक पद्धत होती. पाहुणे यायचे. मोठ्या शहरांतून, गाड्या भरून, ब्लँकेटं आणि बिस्किटांचे पुडे घेऊन. मग अधीक्षिका बाई आम्हाला रांगेत उभं करायच्या आणि म्हणायच्या, “हं, सांग गं, तुझं सांग.” आणि एकेकीनं सांगायचं — कोण गेलं, कसं गेलं, काय दिसलं. आठवड्यातून दोनदा तरी. कुठं थांबायचं हेसुद्धा बाईंनी शिकवून ठेवलेलं. मुलगी रडली की पाहुणे रडायचे, आणि पाहुणे रडले की शेडला पंखा यायचा.

त्या सांगण्यानं पोरी झिजत होत्या. मी बघत होते ना. एकीनं जेवण टाकलं. एक मोठी मुलगी अंथरूण ओलं करायला लागली. एकीचं तर असं झालं की ती आपल्या बहिणीचं मरण पाढे म्हटल्यासारखं म्हणायची, डोळ्यांत टिपूस नाही — आणि मग बाई तिच्यावर चिडायच्या. मी ठरवलं, माझी आई यांना द्यायची नाही. काय चुकलं? आजही विचारते, काय चुकलं त्यात? तेरा वर्षांच्या मुलीनं आपल्या आईचा शेवट बिस्किटांच्या बदल्यात का सांगावा?

पण रांगेत उभं तर राहायचंच होतं.

पहिल्यांदा मी खोटंच सांगितलं. एक काका रचला, गोठ्यात झोपलेला, गुरांसकट गेलेला. नीट जमलं नाही. पाहुणे घड्याळाकडं बघायला लागले. बाईंनी मागून दंडाला चिमटा काढला. “नीट सांग,” म्हणाल्या.

आता कमलबद्दल सांगायला पाहिजे.

कमल माझ्या शेजारच्या खाटेवर होती. दुसऱ्या गावची, बौद्धवाड्यातली, माझ्याहून वर्षानं लहान. तिचे आईवडील वाचले होते, मजुरीसाठी फिरतीवर असायचे म्हणून तिला इथं ठेवलेलं. ती नवीनच आली होती, अजून रांगेत तिची पाळी आली नव्हती. एका दुपारी आम्ही दोघी तांदूळ निवडत होतो. मी तिला म्हटलं, माझं मी कुणाला सांगणार नाही. ती म्हणाली, “मी बी न्हाई सांगनार. तुला येकलीला सांगते. तू कुनाला सांगू नको.” मी शपथ घेतली. गळ्याला हात लावून घेतली.

तिचा धाकटा भाऊ घराखाली अडकला होता. दिसत नव्हता, आवाज येत होता. तिनं त्याला सांगितलं, तू शंभरपर्यंत मोज, तोवर मी बाबांना आणते. तो नुकता आकडे शिकला होता. त्याला एकोणतीसपर्यंतच येत होतं. तो एकोणतीसला पोचायचा, थांबायचा आणि पुन्हा एकपासून सुरू करायचा. बाबा सापडेनात, म्हणून ती परत येऊन तिथंच बसली. खालून मोजणं चालूच होतं. मग एकदा ते सतरावर थांबलं.

एवढंच. हातातलं सूप न थांबवता तिनं सांगितलं आणि निवडलेले तांदूळ डब्यात ओतले.

पुढच्या रविवारी पाहुणे आले. माझी पाळी आली. दंडावरचा चिमटा अजून दुखत होता — हे कारण म्हणून नाही सांगत, दुखत होता म्हणून सांगतेय. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, माझा एक लहान भाऊ होता.

मला भाऊ नव्हता. मी एकुलती एक.

सगळं सांगितलं. एकोणतीस सांगितलं, सतरा सांगितलं. मास्तरांची मुलगी मी, शुद्ध बोलायची, पाहुण्यांना शब्दन् शब्द कळला. एक बाई तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते खरं होतं, आईचं होतं. पण कुणाच्या नावावर रडत होते मी?

कमल माझ्या डाव्या हाताला उभी होती. माझ्यानंतर तिची पाळी. “हं, तू सांग गं.” ती एक पाऊल पुढं आली. मग म्हणाली, “मला सांगायसारखं काई न्हाई.”

बाईंनी तिला मागं घेतलं. पुढं तिला रांगेत कधी उभंच केलं नाही, पाहुणे आले की अंगण झाडायला पाठवायच्या. आणि बाईंना माहीत नव्हतं असं समजू नका. रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढं ‘भूकंपात मयत: आई’ एवढंच लिहिलेलं होतं. त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या मला फक्त म्हणाल्या, “भावाचं नाव पण सांगत जा, बरं वाटतं.” मी बाळू हे नाव ठेवलं.

दोन वर्षं मी बाळूची गोष्ट सांगितली. पेपरात फोटो आला. एका दूरच्या कुटुंबानं माझ्या शिक्षणाचा खर्च उचलला, बी.एड.पर्यंत. आज मी जी काही आहे, जी नोकरी करते, ती त्या पोराच्या एकोणतीस आकड्यांवर उभी आहे. नवऱ्यालाही वाटतं की मला भाऊ होता. राखीपौर्णिमेला तो माझ्याशी जपून बोलतो. मी बोलू देते.

कमल मला कधीच काही बोलली नाही. भांडली नाही, चहाडी केली नाही. फक्त खाट बदलून घेतली. वर्षभरानं तिचे वडील तिला घेऊन गेले. कित्येकदा मी मनाला समजावलं, की माझ्यामुळं ती रांगेतून सुटली, तिला तरी ते पुन्हापुन्हा सांगावं लागलं नाही. किती सोयीचं आहे, नाही? तिचं तिनं मुठीत धरलं होतं. मी मूठ उघडून काढून घेतलं. हे त्या पाहुण्यांनी केलं नाही, बाईंनीही केलं नाही. मी केलं.

पाहुण्यांना फसवल्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. त्यांना रडायला काहीतरी हवं होतं, त्यांना ते मिळालं. मी बोलतेय ते कमलबद्दल.

गेल्या जूनमध्ये कमल माझ्या ऑफिसात आली. मुलीला सोडायला. मी लगेच ओळखलं. तिनंही ओळखलं असणार. दारावर माझ्या नावाची पाटी आहे. पण ती मला मॅडम म्हणाली. तिची मुलगी प्रज्ञा, दहावीला शाळेत पहिली आलेली, भराभर बोलणारी. मीच उगाच विचारलं, तुमचं गाव भूकंपातलं का? प्रज्ञाच म्हणाली, “हो, आईचं गाव पडलं होतं. पण आईच्या घरचं कुणीच गेलं नाही. आई एकटीच होती ना आजी-आजोबांना.”

मी कमलकडं पाहिलं. ती चिवड्याच्या डब्याला दोरी बांधत होती.

“हाव,” ती म्हणाली. “कुनीबी न्हाई गेलं आमचं.”

मग उठली आणि जाताना म्हणाली, “मॅडम, पोरगी लई हळवी हाय. संभाळा.”

म्हणजे तिनं पोटच्या मुलीलाही सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? पेपरात तर ती गोष्ट माझ्या फोटोखाली छापून आली होती. ती तेव्हाच पायरी उतरत होती. मला हाक मारता आली असती. मी प्रज्ञाला खोली दाखवायला घेऊन गेले.

आणि आता ते कौतुक. गेल्या महिन्यात सरांनी नव्या पालकांसाठी मोठा कार्यक्रम ठेवला. चार मुलींनी स्टेजवर येऊन आपल्या घरची संघर्षकथा सांगायची, मागं मोठ्या पडद्यावर त्यांच्या घराचे फोटो. मी ऑफिसात जाऊन सरांना सांगितलं, माझी एकही मुलगी उभी राहणार नाही, मला काढून टाका. आवाज बाहेरपर्यंत गेला. मुलींनी ऐकला, घरोघरी कळवलं. तेव्हापासून पालक माझ्या पाया पडतात.

पण सर काय म्हणाले ते त्या मुलींना ऐकू गेलं नाही. ते शांतपणे म्हणाले, “ठीक आहे. मग तुमचं तुम्ही सांगा. पेपरचं कात्रण आहे माझ्याकडं.”

आणि मी सांगितलं. चार पोरींना वाचवलं आणि कमलच्या भावाला पुन्हा एकदा स्टेजवर उभं केलं. या वेळी तर चिमटाही कुणी काढला नव्हता. नोकरी सोडता आली असती, माझं खरं सांगता आलं असतं, नुसतं नाही म्हणता आलं असतं. त्या गोष्टीनं तेव्हा जे केलं तेच याही वेळी केलं. सभागृहात रुमाल निघाले. प्रज्ञा तिसऱ्या रांगेत होती.

कार्यक्रमानंतर खुर्च्या आवरत होते तेव्हा ती आली. डोळे सुजलेले. तो मोजणारा पोरगा तिचा मामा होता. त्याचं खरं नाव राहुल, कमलनंच तेव्हा सांगितलेलं. आपल्या मामासाठी ती रडली होती, आणि मला म्हणत होती, “मॅडम, तुम्ही एवढं सहन केलं.” तिनं माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. आईसारखेच तिचे हात, बोटं आखूड आणि गरम.

मी म्हणाले, “जुनी गोष्ट आहे, बाळा.”

आणि तिला माझं सांत्वन करू दिलं.