वर्गात आम्ही दोघंच

सांगलीच्या कॉलेजात त्या वर्षी तत्त्वज्ञान घेतलेला मी एकटाच. वर्गात बाकं तीस, माणसं दोन : प्राध्यापक आणि मी. तरी ते फळ्यासमोर उभे राहून, भरल्या वर्गाला शिकवावं तसं मोठ्यानं शिकवीत. जड वस्तू म्हणजे फक्त जागा व्यापणं. रंग, वास, गोडी हे सगळं आपल्या मनातलं. आणि जगातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या कशाच्या तरी आधारानं उभी आहे, म्हणजे कुणाच्याही आधाराविना असलेलं काहीतरी असलंच पाहिजे, तोच ईश्वर. मला ते इतकं पटलं होतं, की कृष्णेच्या घाटावर मी ते स्वतःशीच घोकत फिरे. बोलायला दुसरं होतं कोण?

त्याच हिवाळ्यात पलटणीत असलेला माझा थोरला भाऊ लढाईत गेला. आधी तार आली, मग त्याची कपड्यांची पेटी आली. मी साताऱ्याकडच्या आमच्या गावी पोचलो, तेव्हा आई त्याच्या लोकरी स्वेटरात तोंड खुपसून बसली होती.

"अजून वास हाय त्येचा," ती म्हणाली.

वास कपड्यात नसतो, हे वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं. मी ते गिळलं, पण अशा वेळी ते सुचलं याचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी उसाला पाणी देताना माझ्या वडिलांनी, आबांनी विचारलं, "तू येवढं शिकतुयास. खरं सांग, देव हाय का न्हाई?"

मी बांधावर बसून सगळा युक्तिवाद मांडला. आबांनी दोनदा मला थांबवून नीट समजून घेतलं.

"पटलं," ते म्हणाले. "हाय म्हनायचा. पर त्येला आपलं पोरगं ठावं हुतं का रं?"

आबांनी खोरं उचललं आणि पाणी पुढच्या सरीत वळवलं.

सांगलीला परतल्यावर मी तोच प्रश्न प्राध्यापकांना विचारला. त्यांनी खडू खाली ठेवला आणि प्रथमच ते माझ्या शेजारी, बाकावर येऊन बसले.

"बायको गेली तेव्हा मीही इथवरच आलो होतो," ते म्हणाले. "पुढं जाता आलं नाही."

घंटा झाल्यावर त्यांनी उठून फळा पुसला.

परीक्षेत नेमका ईश्वराच्या अस्तित्वावरच प्रश्न आला. मी पानंच्या पानं लिहिली, कुठं अडलो नाही. निकालानंतर आबांना पत्र लिहायला बसलो. त्यांच्या प्रश्नावर चार ओळी लिहिल्या, खोडल्या, पुन्हा लिहिल्या. शेवटी नवं कार्ड घेतलं आणि पास झाल्याचं तेवढं कळवलं.